कामी आलो

माझं नाव इद्दिर. आमच्या बोलीत त्याचा अर्थ, जगेल.
माझ्याआधीची दोन गेली, म्हणून आईनं ठेवलं.
आणि मी वारझाझातच्या या माळावर
आजवर एकेचाळीस वेळा कामी आलो,
रोजंदारीवर.

सकाळी रोमकडून, जेवणानंतर रोमविरुद्ध.
मधल्या सुटीत चिलखत उतरवायचं, दाढी चिकटवायची
आणि सकाळी आपणच पाडलेल्यांच्या जागी
दुपारी आपणच आडवं व्हायचं.
मेल्यावर एवढंच सांभाळायचं : पोट हलता कामा नये.
माशी नाकावर बसली तर बसू द्यायची.
तिला साम्राज्य कळत नाही.

रोम इथं प्लायवुडचं आहे.
मागून बघितलं तर फळ्या, खिळे,
आणि न्यायासनाच्या सावलीत व्यालेली कुत्री.

माझी भाची इत्तो अगादीरला इतिहास शिकली.
या खेपेस तिला वही देऊन खुर्चीत बसवलं होतं.
ती लिहायची :
रिकिबी तेव्हा नव्हत्या. काढा.
पुतळे पांढरे नसत, रंगवलेले असत.
आखाड्यातले लढवय्ये जव खाऊन अंगानं सुटलेले असत.
दिग्दर्शक म्हणाला, ढेरीसाठी कोण रडेल?
रिकिबी राहिल्या,
कारण नायकाला त्यांच्याशिवाय घोड्यावर बसता येईना.

संध्याकाळी ती मला सांगत होती,
मामा, आपले पूर्वज लगामाशिवाय घोडे फेकायचे,
मानेला नुसती काठी लावून.
रोमनं त्यांना पगारावर ठेवलं होतं.
म्हटलं, म्हणजे तेव्हाही रोजंदारीच.

एकदा हुकूम झाला, रानटी टोळीची भाषा बोला.
मी छाती फोडून ओरडलो,
चहा निवतोय रे, झाकण ठेवा कोणीतरी!
पडद्यावर खाली अक्षरं उमटली :
रोमचं रक्त पिऊ.
तिफुलतूतच्या टपरीवर लोक हसून लोळले,
आणि वर्षभर मला चहा फुकट.

मग तो मंगळवार.
नायक टेकाडावर उभा राहून
मातृभूमी, मान, मरण असं काहीतरी बोलत होता.
खाली डांबराचा गाडा कलंडला. पेट घेतला.
एक घोडी पडली, तिच्याखाली एक रोमन,
म्हणजे झगोऱ्याचा न्हावी, चार मुलांचा बाप.
दोन्ही सैन्यं पळाली. मीही पळालो, लपवत नाही.
फक्त बास्सू उलटा धावला.
सोळा वर्षांचा, रानटी टोळी, तिसरी रांग.
धुरात शिरला आणि शत्रूला काखेत धरून
फरफटत बाहेर घेऊन आला.
तिन्ही कॅमेरे चालू होते.

रात्री तंबूत ते दृश्य पाहताना कोणी बोललं नाही.
इत्तोनं मात्र पाहिलं :
बास्सूच्या उजव्या पायात निळी प्लास्टिकची चप्पल.
दिलेल्या वहाणा चावतात, म्हणून घरची घातलेली.
तिनं लिहिलं, चप्पल. काढा.
या वेळी मात्र लगेच ऐकलं तिचं.

त्या जागी आता नायकाचं भाषण आहे,
पंख्याच्या वाऱ्यात, आणखी लांबवलेलं.
बास्सूला दीड दिवसाची मजुरी मिळाली, आणि मलम.

परवा इत्तो विचारत होती,
मामा, मी खोटं तर नाही ना लिहिलं?
नाही गं. चप्पल चूकच होती.
ती वही तिनं जपून ठेवली आहे.
त्या ओळीवर खाडाखोड नाही.
समासात मात्र पेनानं काढलेलं एक पाऊल,
अंगठ्याचा पट्टा तुटलेला.

उद्या पहाटे पाचला ट्रक येईल.
या वेळी मी कार्थेजकडून.
हरणार आहे,
तेवढं तरी इतिहासाला धरून.